थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं?

‘उन्हाळ्यात टर्बो गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन तापणार नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेतली झडप; ती काढली की वाट मोकळी होते. पण थर्मोस्टॅट ती वाट इंजिन तापेपर्यंतच अडवतो. साधारण ८२ ते ९० अंशांना तो उघडू लागतो. पूर्ण उघडला की पुढचं काम रेडिएटर आणि फॅनचं. काढलात तर थंड इंजिनात तेल जास्त वेळ घट्ट राहतं, झीज वाढते.

शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, पाणी तापवा, थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप सरकली की तो ठीक आहे. मग टॉर्च घेऊन इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरमधल्या फटीत नक्की बघा. बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवून मोठा इंटरकूलर बसवलेल्या गाडीत रेडिएटरची हवा बऱ्याचदा तिथेच अडते. धूळ, किडे, वाळकी पानं.