आधी बोर्डिंग, मग कॉलेज

‘नंबर लागला, पण राहायचं कुठं?’ प्रवेशाच्या याद्या लागल्या की मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, आदिवासी पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न निघतो. वंचित समाजातल्या मुलांच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की आपण जागा, टक्केवारी आणि आरक्षण यांवर बोलतो. बोलायलाच हवं. पण महाराष्ट्रात ज्यांनी या मुलांसाठी कॉलेजचं दार उघडलं, त्यांनी हात आधी घातला तो राहण्या-जेवणाच्या प्रश्नाला. हा धागा सुटला की बाकीचा इतिहास नीट कळत नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पंचवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण चौकशी आयोगाला, दिलेल्या निवेदनात रोखठोक हिशेब मांडला : महसूल शेतकऱ्याच्या घामातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो.

या हिशेबाला कोल्हापुरात उत्तर मिळालं. शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण ब्राह्मणेतर मुलं तिथे येईनात. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क वसतिगृह. जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांवर आजही टीका होते. मला ती पटत नाही. पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार यावरून घरं तुटायची त्या काळात खेड्यातलं पोर शहरात येऊन चार वर्षं टिकणं हेच मोठं होतं. शिवाय प्रत्येक समाजाने स्वतःच्या बोर्डिंगला पैसा आणि धान्य द्यावं, ही सवय त्यातूनच लागली. जुलै १९०२ मध्ये संस्थानातल्या निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा हुकूम निघाला, त्या जागांवर बसायला शिकलेली मुलंही याच खोल्यांतून यायची होती.

जैन बोर्डिंगमध्ये राहणारा एक मुलगा मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेला. परत आल्यावर त्याला अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितलं, त्याने साफ नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हाच मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींच्या मुलांना एका चुलीवर शिजलेलं अन्न एका पंगतीत वाढलं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आपल्याकडच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात या मंगळसूत्राची नोंद विद्यापीठाच्या कायद्यांइतकीच ठळक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर : शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्यावर फी आणि जेवण भागवायचं.

राहण्याचा प्रश्न पदवी मिळाल्यावरही सुटत नसे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर शहरात त्यांना खोली कोणी देईना. एका पारशी विश्रामगृहात आसरा मिळाला होता, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. त्यांच्याच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढलं, त्यामागे हे अनुभव होते. १९४६ चं मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज सकाळी भरायचं, कारण बरीच मुलं नंतर कामावर जाणारी होती. वेळापत्रक विद्यार्थ्याच्या पोटापाण्याकडे बघून आखलं, एवढी साधी गोष्ट, पण तिने किती घरांत पहिला पदवीधर आणला! मराठवाड्यात हेच काम १९५० पासून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाने केलं.

सरकारी मदतही याच काळात सुरू झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणातल्या राखीव जागांना आधार दिला. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची, सवलत आणली, तेव्हा जात कोणतीही असो, गरीब घरातल्या पोराची फी माफ झाली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी शिक्षक, इंजिनिअर, तहसीलदारांच्या तोंडून ‘ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य ऐकायला मिळतं.

१९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आली. जागा वाढल्या आणि फीही. त्यामुळे गेल्या चाळीस वर्षांतली बहुतेक धोरणं फीभोवतीच फिरली आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्याने माफ केली, तेही त्यातलंच, आणि चांगलंच पाऊल आहे. तरी देशाचं चित्र असं : २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीत १८ ते २३ वयोगटाचं उच्च शिक्षणातलं ढोबळ पटनोंदणीचं प्रमाण, म्हणजे त्या वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत नाव नोंदवलेले विद्यार्थी, २८.४ टक्के होतं, अनुसूचित जमातींचं २१.२.

जेवणाखाण्याचं काय? अनुसूचित जातीतला जो विद्यार्थी वसतिगृहात राहून व्यावसायिक पदवी घेतो, त्याला केंद्राच्या २०२१ च्या सुधारित दराने वर्षाला १३,५०० रुपये निर्वाह भत्ता आहे. महिन्याला ११२५. पुण्यात एवढ्यात दोन वेळची मेस भागत नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपयांची. पण मेसचे पैसे पहिल्या आठवड्यात द्यावे लागतात आणि योजनेचा हप्ता कधी सत्र संपता संपता पडतो. तोवर कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेपुरतं भाडं भरायच्या, खोलीत दोघं मिळून एक डबा लावतात. पाच पोळ्या असतात. दुपारी एकाला तीन, रात्री दुसऱ्याला.