क्लास मेथड : जिन्नसांची मोजणी व यादी

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एका सुट्या ऑब्जेक्टसाठी (साच्यातून घडवलेल्या एका नगासाठी) नव्हे, तर अख्ख्या क्लाससाठी (त्या साच्यासाठी) लिहिलेली मेथड, म्हणजे नाव देऊन बांधलेले काम. क्लासचे किती ऑब्जेक्ट तयार झाले ते मोजणे आणि त्यांची यादी दाखवणे हा तिचा शिकवण्यातला ठरलेला नमुना. क्लासची कल्पना डाल आणि नीगार्ड यांच्या सिम्युला ६७ या प्रोग्रॅमिंग भाषेतली. पायथन या भाषेत क्लास मेथड २.२ आवृत्तीत (२००१) आली, आणि ती मेथडच्या डोक्यावर डेकोरेटर ('@' ने सुरू होणारी खूण) लावून लिहिण्याची रीत २.४ पासूनची (२००४). जावा भाषेत असे काम स्टॅटिक मेथडवर (ऑब्जेक्ट न घडवता क्लासच्या नावाने बोलावता येते अशा मेथडवर) भागवतात.

चवथीला गोव्यात गणपतीच्या वर बांधतात ती माटोळी (फळे-भाज्या टांगलेली चौकट) उदाहरणाला सोयीची. 'जिन्नस' नावाचा क्लास करावा, त्यात 'एकूण' हे क्लास व्हेरिएबल (क्लासपाशी एकदाच ठेवलेली, सगळ्या ऑब्जेक्टना सामायिक किंमत) शून्यावर ठेवावे आणि ऑब्जेक्ट तयार होताना ते एकाने वाढवावे. (पायथन ३ मध्ये ही नावे खरोखरच देवनागरीत चालतात; भाषेचे राखीव शब्द मात्र रोमनच.) वाढवताना 'जिन्नस.एकूण' असे क्लासचे नाव घ्यावे लागते. त्याऐवजी 'सेल्फ.एकूण' ('सेल्फ' म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) लिहिले, की पायथन क्लासमधला शून्य वाचतो आणि वाढलेला आकडा त्या ऑब्जेक्टच्या खात्यावर टाकतो. मग तोरिंजन, कवंडळ, चिबूड असे तीन जिन्नस टांगले, तर तिघेही 'एक' म्हणतात आणि क्लास शून्यावरच. एरर येत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. वारसा (एका क्लासवरून दुसरा क्लास करणे) आला की गुंता वाढतो: 'रानफळ' हा उपक्लास केला आणि आकडा ऑब्जेक्टच्या स्वतःच्या क्लासवर वाढवला, तर पाच साध्या जिन्नसांनंतरच्या पहिल्या रानफळाला 'रानफळ.एकूण' सहा होतो, आणि मूळ क्लास पाचावरच अडतो.

मोजणाऱ्या मेथडने आकडा परत द्यावा, छापू नये. छापण्याचे काम वेगळ्या मेथडकडे असले, तर तोच आकडा वेबपानावर किंवा चाचणीतही वापरता येतो. प्रॅक्टिकलच्या वहीत दोन्ही कामे एकाच मेथडमध्ये कोंबलेली दिसतात. चालते, पण वळण चांगले नव्हे.

हा आकडा आजवर तयार झालेल्या ऑब्जेक्टचा असतो, शिल्लक राहिलेल्यांचा नव्हे. पाच नारळ बांधले तर तो पाच सांगेल, प्रकार मात्र एकच. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेसाठी नोंद ठेवायची तर प्रकार महत्त्वाचे. तेव्हा नावांचा सेट (एक नाव एकदाच ठेवणारा संच) करून त्याची लांबी घ्यावी. नावागणिक नग हवे असतील तर पायथनचा तयार 'काउंटर' आहे.

फोंड्यातल्या आणि डिचोलीतल्या अशा दोन घरांच्या माटोळ्या एकाच प्रोग्रॅममध्ये आल्या, की क्लासपाशी ठेवलेला आकडा दोन्हींची सरमिसळ करतो. अशा वेळी 'माटोळी' हा स्वतंत्र क्लास करून यादी त्याच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवावी, आणि मोजणी साध्या मेथडने करावी.