पार्श्वभूमी: साधा स्पिटलबग, त्याचे रंग आणि ऑलिव्हच्या तोडणीचा वाद

स्पिटलबग हा झाडांचा रस पिणारा छोटा किडा. गवतावर थुंकीसारखा फेस दिसतो त्यात त्याचं पिल्लू बसलेलं असतं, हे बहुतेकांना माहीत असतं, ते सोडून देतो. फेसातून बाहेर पडलेला मोठा किडा मात्र चटकन ओळखू येत नाही. तुडतुड्यांच्याच गोतावळ्यातला, लांबी जेमतेम 5 ते 7 मिमी, आणि रंग म्हणाल तर एकाच जातीत 20 च्या आसपास प्रकार. कुणी मळकट तपकिरी ठिपक्यांचा, कुणी फिकट अंगावर तीन गडद पट्ट्यांचा, कुणी जवळपास पूर्ण काळा, आणि काळपट प्रकार माद्यांमध्ये जास्त. 1758 साली शास्त्रीय नावं पडली तेव्हा या रंगांमुळेच एका किड्याला दोन-तीन जातींची नावं लागली, आणि अमेरिकेतल्या लिखाणात 1950 च्या दशकातही तो फिलीनस ल्युकोफ्थाल्मस होता, आज सगळीकडे फिलीनस स्पुमारियस म्हणतात.

मूळचा युरोप, उत्तर आफ्रिका आणि आशियाच्या बऱ्याच भागातला. उत्तर अमेरिकेत पसरला, 1944 ला हवाईत सापडला, 1960 ला न्यूझीलंडमध्ये. हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींचा रस त्याला चालतो, मग कुठेही टिकणारच. फिनलंडच्या आखातातल्या बेटांवर रंगांचं प्रमाण कसं बदलतं ते कित्येक वर्षं मोजलं गेलं, वेल्समध्ये एका कारखान्याजवळ काळ्या प्रकारांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे बराच काळ हा किडा आनुवंशिकतेच्या अभ्यासाचा विषय होता, शेतकऱ्याच्या काळजीचा फारसा नव्हता.

2013 ला ते बदललं. बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीच्या टाचेत, पुलिया प्रांतामध्ये, वाळत चाललेल्या ऑलिव्हमध्ये झायलेला हा बॅक्टेरिया सापडला आणि पुढच्याच वर्षी तो पसरवणारा म्हणून हाच स्पिटलबग समोर आला. मग मे 2015 मध्ये ब्रसेल्सहून, म्हणजे युरोपियन युनियनकडून, निर्णय आला की लागण झालेलं झाड तर काढाच, पण त्याच्या 100 मीटरच्या आतली, या रोगाला बळी पडू शकणारी सगळी झाडं, निरोगी असली तरी, काढा. यात शेकडो वर्षांची झाडं होती, लोक रस्त्यावर उतरले, वर्षाअखेरीस पुलियातल्याच लेच्चे शहराच्या सरकारी वकिलांनी तोडणी थांबवली आणि उलट या रोगावर काम करणाऱ्या संशोधकांचीच चौकशी लावली (ती प्रकरणं 2019 ला बंद झाली). जून 2016 ला युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने 100 मीटरचा नियम योग्य ठरवला.

लोकांचा राग मला समजतो, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं हिरवंगार झाड कापायला सांगितल्यावर कोण गप्प बसेल. पण नुसत्या डोळ्यांनी निरोगी ठरवता येत नाही, लागण होऊन बराच काळ झाड ठणठणीत दिसतं, आणि तेवढ्या वेळात किडा त्याचा रस पिऊन पुढच्या झाडावर जातो. माझी खरी तक्रार वेगळी आहे, सगळा वाद करवतीभोवती फिरला आणि किडा बाजूला पडला. बॅक्टेरिया किड्याच्या तोंडाजवळच्या अन्ननलिकेत चिकटून राहतो, कात टाकली की तो भागही निघून जातो, म्हणून शेवटची कात टाकून नुकताच मोठा झालेला किडा स्वच्छ असतो. त्याला लागण होते ती नंतर, आजारी झाडाचा रस प्यायल्यावर, आणि मग तो मरेपर्यंत रोग पसरवतो. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं फेसात, बागेतल्या तणावर, उडी नाही की उड्डाण नाही. तेव्हाच तण काढलं किंवा नांगर फिरवला तर ऑलिव्हवर चढणारे किडेच कमी होतात. हे उपाय नियमांमध्ये आलेही, पण चर्चा झाली ती तोडणीचीच.

पुढे 2015 ला कोर्सिका आणि 2016 ला मायोर्का या भूमध्य समुद्रातल्या बेटांवरही बॅक्टेरिया सापडला, तिथे बॅक्टेरियाचा प्रकार वेगळा होता पण किडा आधीपासूनच हजर. 2020 च्या नव्या नियमात 100 मीटरचे 50 मीटर झाले.