नेटचं व्यसन तासांवर ठरत नाही

‘दिवसाला सहा तास मोबाईल म्हणजे व्यसनच’ हा मेसेज आमच्या ठाण्यातल्या सोसायटी ग्रुपवर कधीपासून फिरतोय. चूक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांच्या नेट-व्यसन मोजणाऱ्या 20 प्रश्नांच्या चाचणीत अशी तासांची रेषाच नाही. झोप उडते का, अभ्यास बुडतो का, असं विचारलंय. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या यादीत, तर ‘इंटरनेट व्यसन’ हा मान्य आजारही नाही.

माझ्या भाच्याला कॉलेजात केटी लागली (विषय राहिला), घरी सांगायची छाती नव्हती. रात्री दोनला पांघरुणात रील्स. ताईनं राउटर बंद केला, तर पठ्ठ्या जिन्यात शेजाऱ्याच्या वायफायवर! केटीचं बोलून मोकळा झाला, तेव्हा कुठे झोपू लागला. घरात बोलता येत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर मराठीतही ऐकून घेतो.