दोन रंगांची गोधडी: आधी पक्का रंग, मग कात्री

लाल-पांढऱ्या चौकड्यांची गोधडी करायचीय तर कपडा किती आणू, असं मावशीला विचारलं तर ती हसलीच, "गोधडीला कपडा विकत आणतात का गं?" तिचं चूक नाही म्हणा. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत गोधडी म्हणजे विरलेलं नऊवारी लुगडं वर, दुसरं खाली, मध्ये जुनी धोतरं-चादरी, फाटलं तिथे ठिगळ आणि सगळ्यावरून धावदोरा. घरात जे निघेल तोच रंग, प्लॅनिंग कसलं डोंबलाचं! (कापूस भरलेली रजई वेगळी, ती पिंजाऱ्याकडची.)

मोजून दोनच रंग घ्यायचे हे सुचायलाच एका रंगाचा कपडा ताग्यावरून हवा तेवढा मिळावा लागतो, आणि तो धुतल्यावर शेजारच्या पांढऱ्यात उतरता कामा नये. पूर्वी पक्के रंग मोजकेच होते, मुख्यतः निळीचा निळा आणि आल नावाच्या झाडाच्या किंवा मंजिष्ठेच्या मुळांचा लाल. आलची शेती आपल्या मालव्यातच व्हायची, कपड्याला आधी तुरटी दिली की हा रंग धरतो, आणि त्यात रंगवलेला जाडाभरडा लाल कपडा म्हणजे खारवा, तोच जो जुन्या चोपड्यांच्या बांधणीला दिसतो. धारकडच्या बाघ प्रिंटचं, म्हणजे बाघ गावच्या ठशांच्या छपाईचं, गणितही तेच आहे, तुरटीवर लाल आणि लोखंड-गुळाच्या पाण्यातून काळा.

मग 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन केमिस्टांनी मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीच्या, मॅडरच्या, मुळांतला लाल, अलिझरीन, प्रयोगशाळेत बनवून दाखवला, पुढे तो कारखान्यात बनू लागला, लाल रंग स्वस्त झाला आणि आलची शेती बसली. तिकडे अमेरिकेत बायका न उतरणाऱ्या 'टर्की रेड' कपड्याचे लाल-पांढरे क्विल्ट शिवत होत्या, इतके की 2011 मध्ये न्यूयॉर्कला एका प्रदर्शनात फक्त लाल-पांढरेच 651 मांडले होते!

इंदुरात ताग्याचा कपडा मिलांनी घरोघरी आणला. तुकोजीराव होळकर दुसऱ्यांच्या काळात स्टेट मिल, पुढे मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल. हुकुमचंद 1991 ला बंद पडली, पण कपडा मार्केटात कटपीस शोधायची सवय काही गेली नाही.

मापांचा घोळ मात्र अजून आहे. 1956 च्या कायद्यानंतर वार जाऊन मीटर आला, पण पन्हा अजून इंचात सांगतात आणि आपण कापतोही इंचातच. माझा हिशोब असा: 60 बाय 90 ची गोधडी, शिवून झाल्यावर 6 इंचाचा चौकोन, म्हणजे 10 गुणिले 15, एकूण 150, प्रत्येक रंगाचे 75. चारी बाजूंनी पाव इंच शिलाई धरून कापायचा साडेसहाचा. 44 पन्ह्याचे काठ सोडले तर एका पट्टीत 6 बसतात, म्हणजे 13 पट्ट्या, साडेचौऱ्याऐंशी इंच, सव्वादोन मीटरच्या आत. आटण्यासाठी प्रत्येक रंगाचा अडीच घ्या. 36 पन्ह्यात 5च बसतात, तिथे पावणेतीन मीटर लागेल. अस्तर वेगळं.

आधी कपडा धुवून, इस्त्री करून मगच कापायचा. मी पहिल्या वेळी दुकानदाराच्या "पक्का है दीदी" वर विश्वास ठेवला आणि माझे 75 पांढरे चौकोन आता गुलाबी आहेत. मावशी म्हणाली, ओला पांढरा रुमाल लालवर घासून बघायला किती वेळ लागला असता?