१८६३चा जाहीरनामा आणि १८६५ची घटनादुरुस्ती: अमेरिकेतली गुलामगिरी कशाने संपली?

न्यू जर्सीत आमच्या गावच्या लायब्ररीत महिन्यातून एकदा अमेरिकेतला वंशभेद आणि इतिहास यांवर चर्चा असते. कुणीही यावं, बसावं, बोलावं. तिथे एकदा मी शाळेत शिकलेलं वाक्य म्हटलं, "लिंकनने १८६३ साली गुलामगिरी रद्द केली." शेजारच्या कृष्णवर्णीय आजींनी शांतपणे विचारलं, "कुठली? केंटकीतली की इथली, न्यू जर्सीतली?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मुक्तीचा जाहीरनामा आणि तेरावी घटनादुरुस्ती, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले.

१ जानेवारी १८६३चा जाहीरनामा हा कायदा नाहीच. यादवी युद्ध पेटलेलं असताना लिंकनने सरसेनापती या नात्याने काढलेला तो लष्करी हुकूम आहे. दक्षिणेची शेती, खंदक, रसद सगळं गुलामांच्या श्रमावर उभं होतं, ते बळ काढून घ्यायचं होतं. त्यामुळे तो लागू झाला फक्त बंडखोर, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या मुलखाला. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांत गुलाम होते, पण ती फुटून निघाली नव्हती. त्यांना हुकुमाने हात लावला नाही. फुटून निघालेल्या टेनेसीचं तर नावच नाही. लुइझियानाचं नाव येतं आणि लगेच कंसात तेरा परगण्यांची यादी येते, न्यू ऑर्लिन्स शहरासकट: एवढा भाग सोडून. माणसांच्या सुटकेचा कागद आहे आणि वाचताना सातबारा वाचल्यासारखं वाटतं.

म्हणून तो पोकळ होता असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तरेची फौज जसजशी पुढे सरकली तसतसा तो खरा होत गेला. शिवाय त्याने कृष्णवर्णीय पुरुषांना सैन्याची दारं उघडली, आणि सुमारे १,८०,००० जण भरती झाले. खरं तर लोक कागदाची वाट बघत थांबलेच नव्हते. मे १८६१मध्ये, म्हणजे जाहीरनाम्याच्या दीड वर्ष आधी, व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्रो या किल्ल्यावर पोचले. मालकाने त्यांना परत मागितलं. किल्ल्यावरच्या जनरल बटलरने नकार दिला: तुम्हीच यांना मालमत्ता म्हणता ना, मग शत्रूची मालमत्ता युद्धात जप्त करता येते. ही बातमी पसरली आणि बायकामुलांसह माणसं त्या किल्ल्याकडे येऊ लागली. वॉशिंग्टनमधलं धोरण या पावलांच्या मागून आलं, असं मला ठामपणे वाटतं.

युद्धकाळातल्या हुकुमाची अडचण अशी, की युद्ध संपल्यावर तो कोर्टात टिकेल याची खात्री नव्हती. शिवाय तो होत्या त्या गुलामांना सोडवत होता, गुलामगिरी ही प्रथा बेकायदा ठरवत नव्हता. ते काम घटनादुरुस्तीचं. प्रतिनिधिगृहात ती १८६४ साली एकदा पडली. ३१ जानेवारी १८६५ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. पुरेशा राज्यांची मान्यता मिळून ती अमलात आली ६ डिसेंबर १८६५ला. केंटकी आणि डेलावेअरमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती तेव्हा.

आणि 'इथली'? न्यू जर्सीने १८०४मध्ये टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला होता. १८४६मध्ये उरलेल्या गुलामांना 'आजन्म शिकाऊ कामगार' असं नाव दिलं. नाव बदललं, बंधन तेच. १८६०च्या जनगणनेत या राज्यात अजून १८ गुलामांची नोंद आहे. उत्तरेतलं राज्य असूनही इथल्या विधिमंडळाने १८६५मध्ये तेरावी दुरुस्ती आधी फेटाळली, आणि मान्यता दिली जानेवारी १८६६मध्ये, ती देशभर लागू झाल्यानंतर.

जूनटीन्थ हा मुक्तीचा सण जाहीरनामा आणि घटनादुरुस्ती या दोहोंत आणखी गोंधळ घालतो. १९ जून १८६५ला टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये लष्कराने वाचून दाखवलेला आदेश जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा होता, अडीच वर्षं उशिरा आलेला. घटनादुरुस्तीशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे हा विषय जोतीरावांमुळे घरचा आहे. १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण करताना त्यांनी एकट्या लिंकनला मान दिला नाही. युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना दिला. फोर्ट मन्रोची हकिगत वाचल्यापासून ती अर्पणपत्रिका मला वेगळीच उमगते.

घटनादुरुस्तीचा मजकूर इनमिन दोन कलमांचा. पहिल्यात गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी बंद, पण मध्येच एक अपवाद: रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा म्हणून असेल तर चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी हा अपवाद लगेच वापरला. कामाला असल्याचा पुरावा नाही म्हणून कृष्णवर्णीय माणसाला भटकेगिरीखाली पकडायचं, दंड ठोठावायचा आणि तो भरता आला नाही की मळेवाल्याकडे राबायला द्यायचं. कैदी खाणींना आणि रेल्वे कंपन्यांना भाड्याने दिले जात. अलाबामात ही पद्धत १९२८पर्यंत चालली. जाहीरनाम्यात असा अपवाद नव्हता.

अलीकडे काही राज्यांनी आपापल्या राज्यघटनेतून हे शब्द काढले, कोलोरॅडोने २०१८मध्ये, नेब्रास्का आणि युटाने २०२०मध्ये. कॅलिफोर्नियात २०२४ला मतदान झालं आणि मतदारांनी अपवाद ठेवला. देशाच्या घटनेत तर ते शब्द आजही जसेच्या तसे आहेत.