चार क्षेपणास्त्रांभोवती बांधलेली नौका

मुंबईहून कराची समुद्रमार्गे सुमारे 500 सागरी मैल. जाऊन-येऊन हजार. आणि 1971 मध्ये भारतीय नौदलाकडे आलेली ओसा वर्गाची क्षेपणास्त्र नौका 30 नॉटने, म्हणजे तासाला 30 सागरी मैलांनी, पळाली, तर साधारण 800 मैलांत तिच्या टाक्या कोरड्या पडतात. कराचीवरच्या हल्ल्याचा आराखडा मांडणाऱ्यांपुढचा पहिला पेच हा होता. इंधन आणि इंजिनांचे तास वाचावेत म्हणून या नौकांना मोठ्या जहाजामागे दोराने बांधून ओढत नेण्याचा सराव झाला, तो याच हिशेबापायी. विद्युत, वीर, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात या आठही नौका सोव्हिएत संघातून मालवाहू जहाजांच्या डेकवर लादून आल्या. मुंबईत तेवढे वजन उचलणारी क्रेन नव्हती, म्हणून त्या कोलकात्याला उतरल्या आणि तिथून ओढतच मुंबईला आणल्या गेल्या.

एवढी धावणारी नौका इतक्या लवकर दमते कशी, हे समजायला तिचे पोट उघडून पाहावे लागते. लांबी 38.6 मीटर, रुंदी 7.6 मीटर, पूर्ण भाराने वजन दोनशे टनांच्या थोडे वर. सांगाडा पोलादी, वरचे बांधकाम वजन वाचवण्यासाठी हलक्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे. आत तीन एम-503 डिझेल इंजिने, प्रत्येकी 4,000 अश्वशक्तीचे, आणि प्रत्येकाचा पाण्यातला स्वतंत्र पंखा (प्रोपेलर). हे इंजिन बघण्यासारखे आहे: मधल्या दांड्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या सात रांगा, प्रत्येक रांगेत सहा सिलिंडर, एकूण 42. कमी जागेत एवढी ताकद मिळते, पण इतके सिलिंडर एकमेकांना खेटून बसल्यामुळे देखभाल किचकट होते आणि दुरुस्तीविना चालणारे तास मोजकेच उरतात. पूर्ण वेगाला, म्हणजे 38 ते 40 नॉटला, नौका पाण्याला कापण्याऐवजी नाक वर करून त्यावर घसरू लागते. त्या अवस्थेत टिकून राहायला लागणारी ताकद फार मोठी असते. 14 नॉटला तीच नौका कितीतरी लांब जाते, पण मग ती शत्रूला गाठण्याच्या किंवा मारा करून निसटण्याच्या कामाची राहत नाही.

आता शस्त्रे. डेकवर दोन्ही बाजूंना दोन-दोन पेट्या आणि प्रत्येकीत एक पी-15 क्षेपणास्त्र. मागच्या पेट्या पुढच्यांपेक्षा जास्त उचललेल्या, म्हणजे मागून सुटलेले क्षेपणास्त्र पुढच्या पेटीवरून निघून जाते. क्षेपणास्त्राचे वजन दोन टनांहून जास्त, त्यात जवळजवळ 500 किलो स्फोटकांचा भाग. पोटाखालचा घन इंधनाचा बूस्टर त्याला पेटीतून उचलून वेग देतो आणि गळून पडतो. मग द्रवरूप इंधनाचे इंजिन हाती घेते. इथेच या शस्त्राची सर्वात अवघड बाजू आहे. इंधन अमाइन गटातले, ऑक्सिडायझर, म्हणजे ते जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, नायट्रिक आम्ल. दोन्ही एकमेकांना नुसते भेटले की पेट घेतात, ठिणगीची गरजच नाही. त्यामुळे इंजिन भरवशाने सुरू होते, पण छोटीशी गळतीही जिवावर बेतते. आम्लाच्या तपकिरी वाफा फुप्फुसे जाळतात, म्हणून भरणी किनाऱ्यावर रबरी पोशाख आणि मुखवटे घालून करावी लागते. आम्लात गंज रोखणारी द्रव्ये मिसळली तरी ते टाकीचा धातू खातच राहते. त्यामुळे भरलेले क्षेपणास्त्र बेमुदत तयार ठेवता येत नाही. चारही डागून झाली की समुद्रात पुन्हा भरणे नाही, थेट तळ गाठायचा.

पी-15 चा पल्ला 40 किलोमीटर, वेग ध्वनीच्या 0.9 पट. शेवटपर्यंत पोहोचायला सव्वादोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात 30 नॉटने धावणारे जहाज दोन किलोमीटर सरकलेले असते. त्यामुळे नौकेने फक्त अंदाजाची दिशा द्यायची आणि शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्राच्या नाकातल्या रडारने लक्ष्य स्वतः शोधायचे, अशी वाटणी आहे. पण त्याआधी नौकेलाच लक्ष्य दिसायला हवे. पृथ्वी गोल आहे. रडारचा अँटेना पाण्यापासून 9 मीटर आणि समोरच्या जहाजाची डोलकाठी 25 मीटर धरली, तर दोन्ही उंचींची वर्गमुळे म्हणजे 3 आणि 5. त्यांची बेरीज 4.12 या रडार-क्षितिजाच्या ठरलेल्या गुणकाने गुणली की येतात 33 किलोमीटर. क्षेपणास्त्र 40 किलोमीटर जाते, पण साध्या हवामानात डोळे 33 लाच थांबतात. छोट्या नौकेचा खरा अडसर हा आहे.

4 डिसेंबर 1971 च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर कराचीवर गेल्या, तेव्हा सोबत किल्तान आणि कच्छल ही मोठी जहाजे होती. निर्घातच्या दोन क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडाली. आकाशातून झेपावणारा तो उजेड तिच्यावरच्या लोकांना विमान वाटला आणि हवाई हल्ला झाल्याचा संदेश त्यांनी पाठवला. वीरने मुहाफिझ हे सुरुंगनाशक जहाज बुडवले. 8 डिसेंबरच्या रात्री एकट्या विनाशने चारही क्षेपणास्त्रे डागली आणि कराची बंदरातले किआमारीचे तेलसाठे पेटले.

हेच शस्त्र ऑक्टोबर 1973 मध्ये सीरियाच्या लताकिया बंदराजवळ सपशेल फसले. इस्रायली नौकांच्या गॅब्रिएल क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे 20 किलोमीटर, पी-15 च्या निम्मा. पण त्यांनी धातूच्या पातळ पट्ट्यांचे ढग हवेत उडवले, रडारमध्ये गोंधळ माजवला आणि सीरियाची क्षेपणास्त्रे त्या खोट्या लक्ष्यांकडे वळली. पल्ला दुप्पट असूनही काही उपयोग झाला नाही. विमानांपुढे तर ओसा आणखी उघडी. दुनळी 30 मिलिमीटर तोफांची दोनच ठाणी, आणि दर नळीमागे मिनिटाला हजार गोळ्या. 500 गोळ्यांचा पट्टा सलग चालवला तर अर्ध्या मिनिटात संपतो.

पुढच्या पिढीत या उणिवा एकेक करून हाताळलेल्या दिसतात. 1987 पासून आलेल्या नव्या वीर वर्गाच्या नौका 56 मीटर लांब, गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या, पुढे 76 मिलिमीटरची तोफ असलेल्या. या वर्गातल्या काही आपल्याकडेच बांधल्या: प्रबल माझगाव डॉकने, प्रलय गोवा शिपयार्डने, दोन्ही 2002 मध्ये सेवेत. या दोघींवर चाराऐवजी सोळा ‘उरण’ ही रशियन क्षेपणास्त्रे. स्फोटकांचा भाग फक्त 145 किलोचा, पण पल्ला 130 किलोमीटर, इंजिन जेट आणि आम्लाची कटकट नाही. शेवटी ते लाटांच्या काही मीटर वरून येते, त्यामुळे समोरच्याला अगदी उशिरा दिसते. क्षितिजाचे गणित मात्र तेच आहे. 130 किलोमीटरवर मारायचे, तर लक्ष्य कुठे आहे हे हेलिकॉप्टरने, विमानाने किंवा दुसऱ्या जहाजाने नौकेला सांगावे लागते.